तिसरी हाक

आमच्या घरी जेवायची हाक तीनदा मारावी लागे. पहिल्या हाकेला बाबा यायचे, कारण ते भुकेले असायचे. दुसरीला मी उठायची, कारण दुसरीनंतर मायचा पारा चढायचा. आणि फुलवंता आत्या मात्र अंगणापलीकडच्या आपल्या खोलीच्या ओट्यावर तिसरी हाक पडेपर्यंत खुशाल बसून असायची. तिला ऐकू येत नव्हतं असं मुळीच नाही. शेजारची कोंबडी आमच्या धानात शिरली तर ती आत्यालाच आधी कळायची. माय भाताच्या गंजावर पळी आपटत ओरडायची, "बहिरी झाली का व फुलवंता? भात थंडा होऊन राहिला ना!" मग आत्या पदर खोचत, घाई नसल्यासारखी यायची आणि पाटावर बसता बसता म्हणायची, "तीनदा बलावलं, आली. दोनदा तं भूतही बलावते." यावर माय कपाळाला हात लावायची, बाबा ताटात तोंड घालून हसायचे, आणि मी लाखोळीच्या वरणातली मिरची बाजूला काढत बसायची. हा खेळ रोजचा होता आणि त्याला कोणी कंटाळत नव्हतं.

आमच्या भागात ही समजूत जुनी आहे. रानात कोणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. रानातलं जे काही असतं ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक फक्त जिवंत माणसाची. बाकीचे लोक हे फक्त रानात पाळायचे आणि तेही आठवण झाली तर. आत्या ते घरात, शेतात, लग्नाच्या मांडवातही पाळायची, आणि त्याला कारण होतं. मी जन्मायच्या आधी एकदा दिवेलागणीला तिचा नवरा बांधावर उभा असताना रानातून त्याच्या नावाची एक हाक आली. तो "ओ" म्हणाला आणि आवाजाच्या रोखानं चालत गेला. आधी त्याची कुऱ्हाड सापडली, मग तो. वाघाचं काम होतं हे सगळ्यांना दिसत होतं, आत्यालाही. पण वाघ नाव घेऊन बोलवत नाही, एवढाच तिचा मुद्दा होता. मी पुढे आमगावला शाळेत शिकवलं, भूतबीत काही नसतं असं पोरांना फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, तरी तिचा तो मुद्दा खोडून काढणं मला आजवर जमलेलं नाही.

आमचं गाव केशोरीच्या बाजूला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी होतं. गावाच्या मागे दोन डोंगर एकमेकांना खेटून उभे होते आणि त्यांच्यामधल्या अरुंद दरीला आम्ही अंधारखोरी म्हणायचो, कारण तिथे ऊन उशिरा पोचायचं आणि लवकर निघून जायचं. आत बांबू, तेंदू, ऐन आणि मोह. आत्याचा मोह या खोरीत, बऱ्याच आत होता. आमच्याकडे मोहाचं झाड कोणाचं हे ठरलेलं असतं. जमीन सरकारची, पण झाड माणसाचं. हा मोह आत्याच्या नवऱ्याचा होता, आणि नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली तरी झाड तिचंच राहिलं. त्याच्याकडून तिला मिळालेलं दुसरं काही नव्हतं. त्या झाडाखालचं एक फूलही कोणी उचलत नसे. मोहाच्या दिवसांत सगळ्या गावाचा वास बदलायचा. अंगणात, ओट्यावर, छपरावर फुलं वाळत पडलेली असायची, पाय ठेवायला जागा नसायची, आणि तो गोड, आंबूस वास भातालाही लागायचा. माय वाळलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटायची आणि त्याचे लाडू वळायची. सकाळी मोहफुलांची पेज, दुपारी पेज, आणि संध्याकाळी मी तोंड वाकडं केलं की पुन्हा पेज. शहरातली माणसं आता मोहाच्या वासावर कविता करतात. त्यांना सलग महिनाभर ती पेज प्यायला लावायला हवी.

फुलं पहाटेपासून टपटपत पडतात. खाली सुका पाला असला की ती त्यात हरवतात, म्हणून बायका आधी झाडाखालचा पाला जाळतात. झाडाभोवती गोल झाडून घ्यायचं, आतल्या पाल्याला काडी लावायची, आणि आग कडेला आली की ओल्या फांदीनं झोडपून विझवायची. सगळ्यांनी हेच केलं, त्यांच्या आयांनी हेच केलं. नव्याण्णव वेळा विझते. एखाद्या वेळी एखादं पोकळ खोड आत धुमसत राहतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की रान पेटतं. गंमत अशी, की आमचे बाबा उन्हाळाभर जंगलखात्याकडे आगीच्या राखणीला होते. ते आत्याला म्हणायचे, "सरकारनं मले आग विझवाले ठेवलं, आन् माझी बहीणच लावून राहिली." आत्या म्हणायची, "तुले काम नोको का दादा?" यापुढे हा वाद कधी गेला नाही.

बारावी झाल्यावर मी घरीच होते, तेव्हा बाबा मला सोबत नेऊ लागले. आग कुठे आहे ते ओळखणं ही त्यांची विद्या होती. मला वाटायचं, धूर दिसतो तिथे आग. बाबा म्हणायचे, "धूर खोटं बोलते. वारा त्याले कोठी बी नेते. घारी पाह्य." आगीच्या तोंडासमोरून किडे, सरडे, उंदीर पळत सुटतात आणि त्यांना टिपायला घारी नेमक्या तिथे घिरट्या घालतात. घारी पुढे सरकल्या की आग पुढे सरकली. बांबूला आग लागली की कांड्या फुटतात, त्या आवाजावरून ती किती आत आहे ते कळतं. चढाला आग धावते, उताराला रमते. पण अंधारखोरीचं तसं नव्हतं. दोन्ही डोंगरांमध्ये वारा कोंडायचा, आणि आग एकदा आत आली की फुंकणीतून फुंकल्यासारखी थेट खालच्या तोंडाकडे, म्हणजे आमच्या गावाकडे यायची. म्हणून खोरीच्या तोंडाशी जाळरेषा होती, पाला आणि झुडपं काढून मोकळा ठेवलेला रुंद पट्टा. पण मोठ्या आगीला तेवढा पट्टा पुरत नाही. तेव्हा जाळरेषेवरून आपणच समोरून आग लावायची. मोठी आग जवळ आली की ती वारा स्वतःकडे ओढते, त्या ओढीनं आपली आग तिच्याकडे जाते, आणि दोघींची गाठ पडली की जाळायला काही उरत नाही. लवकर लावली तर ती उलटून गावावर येते, उशिरा लावली तर अर्थच नाही. एक वेळ असते आणि ती वरून दिसते, खालून नाही.

त्या दिवशी केशोरीचा बाजार होता. आदल्या दिवसापासून डोंगरापलीकडे कोणाच्या तरी मोहाखालची आग सुटली होती. कोणाच्या, ते कोणी विचारलं नाही आणि पुढे चौकशी झाली तेव्हा कोणी सांगितलंही नाही. सकाळी धूर आमच्या बाजूला झुकला. जंगलखात्याचे गार्डसाहेब गोंदियाकडचे होते, हिंदीत बोलायचे, माणूस भला होता. ते चार-पाच जणांना घेऊन आले आणि बाबांशी बोलून ठरलं, की आग खोरीत उतरलीच तर समोरून लावायची. बाबांनी मला टेकडीवर पाठवलं. बांबूला आत्याच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा बांधला होता. आग डाव्या अंगानं सरकली तर झेंडा डावीकडे, उजव्या अंगानं तर उजवीकडे. आणि खोरीच्या मधोमध जे दोन काळे खडक आहेत, तिथवर आग आली की झेंडा खाली. "खाली केला का मी लावतो," बाबा म्हणाले. "घाबरू नोको. घारीवर ध्यान ठेव."

मी निघताना माय आत्याच्या खोलीकडून परत येत होती. बाबांनीच तिला बघायला पाठवलं होतं. "कडी लावून हाय. टोपली नाही," ती म्हणाली. "बाजारात गेली असन. काल म्हनत होती, सुकलेला मोह नेतो म्हनून." बाबा खोरीकडे वळले. "झाडाखाली तं नाही गेली ना?" माय म्हणाली, "एवढा धूर पाहून कोन जाते?" पण धूर सकाळी झुकला होता आणि मोह वेचणाऱ्या बायका उजाडायच्या आधीच निघतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाजाराची टोपली आणि मोहाची टोपली एकच होती, हेही माहीत होतं. ती बाजारात होती की खोरीत, हे सांगणारं कोणी नव्हतं. टेकडी चढताना मी पुन्हा पुन्हा मागे वळून बाजाराच्या वाटेकडे बघत होते.

वरून खोरी पूर्ण दिसायची. त्या दिवशी फक्त तिचं वरचं टोक आणि खालचं तोंड दिसत होतं, मध्ये पांढरा धूर भरला होता. मी घारी शोधल्या. आधी त्या पलीकडच्या उतारावर होत्या, मग डोंगराच्या धारेवर आल्या, मग एकेक करून खोरीवर उतरल्या. बांबू फुटायला लागला. माकडांचा एक कळप माझ्या खालून किंचाळत गेला, एका माकडिणीच्या पोटाला पिल्लू होतं आणि तिच्या शेपटीचे केस जळालेले होते. मी झेंडा डावीकडे नेला, मग सरळ धरला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, घसा सोलवटला होता, आणि खाली लाल लुगड्यातली आत्या कुठे दिसतेय का म्हणून मी घारींवरची नजर काढून पुन्हा पुन्हा धुरात बघत होते. काही दिसलं नाही. खाली जाळरेषेवर बाबा मुठीएवढे दिसत होते, हातात सुक्या गवताचा टेंभा. लावायच्या आधी आत हाक मारायची हा त्यांच्या कामाचा नियम होता. ते खोरीच्या तोंडाशी गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "फुलवंताऽऽ वोऽऽ!" हाक दोन्ही डोंगरांवर आपटून माझ्यापर्यंत आली. ते थांबले. मीही श्वास धरला. आतून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि तिच्या शेवटाला खोकला लागला. धूर त्यांच्या अंगावर आला होता. ते गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिले.

त्याच वेळी घारी खडकांवर आल्या. खडकांच्या मधून आगीची जीभ बाहेर पडलेली मला स्पष्ट दिसली. मी झेंडा खाली केला.

मला सांगितलं होतं तेच मी केलं. मागे गाव होतं, गवताची छपरं, वाळत पडलेला मोह, दाव्याला बांधलेली गुरं, झोळीतली पोरं. ती वेळ चुकली असती तर मी हे लिहायला राहिले नसते. म्हणून कबुलीजबाब म्हणून कोणी हे वाचू नये. गार्डसाहेब ओरडले, "अब लगाओ! टाइम नहीं है, लगाओ!" बाबांनी खोकत खोकतच टेंभा पेटवला आणि पट्ट्याच्या कडेनं पळत गेले. आग झरझर आत ओढली गेली, अगदी त्यांनी सांगितलं होतं तशी. मग दोन्ही आगी भेटल्या. एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. आणि मग वरचा जाळ एकदम बसला.

मी उतरले तेव्हा लोक हसत होते. गाव वाचलं होतं. कोणी बाबांच्या पाठीवर थाप मारत होतं, मायनं पेजेची घागर आणली होती आणि गार्डसाहेबही द्रोणातून पेज पीत होते. बाबांचा आवाज पार बसला होता, ते फक्त मान हलवत होते. पुढे उन्हं उतरली आणि बाजाराला गेलेल्या बायका रांगेनं परत आल्या. बाबा उठून वाटेवर गेले. एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटची बाई गेली तरी ते वाटेकडे बघतच होते. मायनं त्या बाईला विचारलं, "आमची फुलवंता?" ती म्हणाली, "आमच्यात कोठी होती? ती तं सकारीच खोरीकडे जाताना दिसली." माझ्या शेजारी कोणाच्या तरी हातातला द्रोण खाली पडला. त्या संध्याकाळी जमीन इतकी तापलेली होती की आत पाऊल टाकता येईना. बाबा टाकत होते, चौघांनी त्यांना धरून ठेवलं.

सकाळी आम्ही गेलो. फार आत जावंच लागलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. जाळरेषेपासून थोड्याच अंतरावर खोरीचं पहिलं वळण आहे, तिथे एक बसका दगड आहे. आत्या त्या दगडापाशी होती. गार्डसाहेब हळू आवाजात म्हणाले, "आगसे भागके आ रही थी बेचारी." त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. पण बाबा आत्याकडे बघतच नव्हते. ते दगडाकडे बघत होते. दगडावर मोहफुलांचा जळून कोळसा झालेला ढीग होता. टोपली जळून गेली होती, पण ढीग टोपलीच्याच आकाराचा, नीट गोल, एक फूलही इकडेतिकडे सांडलेलं नाही. आणि त्याच्याखाली डोक्यावरच्या चुंबळीचं राखेचं कडं. पळणारं माणूस टोपली फेकून देतं. आत्या पळत नव्हती. ती धुराच्या पुढे राहून, भरलेली टोपली डोक्यावर घेऊन, आपल्या ओळखीच्या वाटेनं बाहेर येत होती आणि जवळजवळ आली होती. मग धुरातून तिच्या नावाची हाक आली, न दिसणाऱ्या माणसाची. ती थांबली. टोपली उतरवून दगडावर ठेवली. दुसरी हाक आली. आणि ती तिसरीची वाट बघत उभी राहिली.

हे त्या जागी दोघांनाच कळलं, बाबांना आणि मला. माय तर तोवर आत्याच्या पायांशी पडून रडत होती. बाबा राखेत खाली बसले. त्यांच्या फुटक्या आवाजात ते मला म्हणाले, "मी तिले बाहेर येऊ नाही देल्लं व." मी म्हणाले, "बाबा, तुमाले खोकला आला ना." ते म्हणाले, "दोनदाच बलावलं मी." मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडूसुद्धा आलं नाही. मला भयंकर राग आला होता. त्या समजुतीचा, वाघाचा, गार्डसाहेबांच्या भल्या आवाजाचा, आत्याच्या हट्टीपणाचा, सगळ्यांचा. आजही तो राग थोडा शिल्लक आहे.

बाबांनी आगीचं काम सोडलं. आणि हाक मारणंही सोडलं. मायला शेतातून बोलवायचं तर ते बांध तुडवत तिच्यापर्यंत जायचे आणि खांद्याला हात लावायचे. मला उठवायला खाटेजवळ येऊन उभे राहायचे. बैल सुटले, पोर विहिरीजवळ गेलं, काही झालं तरी ते धावायचे, ओरडायचे नाहीत. आवाज सुधारला होता, बोलायचे नीट. फक्त हाक नाही. जेवायच्या वेळीही माय आता एकदाच हाक मारायची आणि आम्ही दोघे ताबडतोब जायचो. खोरीतला आत्याचा मोह जळाला नव्हता, मोहाची साल जाड असते. पुढच्या वर्षी तो भरभरून फुलला. फुलं खाली पडून सडली, कोणी वेचली नाहीत.

माय गेल्यावर मी बाबांना आमगावला आणलं. माझा मुलगा आता वनखात्यात आहे. त्याला मोबाइलवर आगीचा संदेश येतो, नकाशावर लाल ठिपका. घारी बघायची गरज नाही, टेकडी चढायची नाही. गेल्या उन्हाळ्यात तो बूट घालता घालता मला म्हणाला, "आई, ठिपका आपल्या अंधारखोरीवर आहे." आणि गाडी काढून निघून गेला. बाबा ओसरीत खाटेवर होते. बरेच दिवस ते कोणाला ओळखत नव्हते, खाणं सुटलं होतं, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. ते ऐकत होते असं मला वाटलं नाही.

दुपारी मी आत तांदूळ निवडत होते आणि ओसरीतून हाक आली, "फुलवंताऽऽ!" इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. घोगरा, फाटलेला, पण हाकच. मी सूप टाकून धावले. बाबा खाटेवर उठून बसले होते, दोन्ही हात तोंडाशी, डोळे समोरच्या रस्त्यापलीकडे कुठेतरी. दुसरी हाक मारायला त्यांनी श्वास घेतला तसा त्यांच्या छातीत खोकला दाटून आलेला मला दिसला.

मी थांबले नाही. "ओ दादा!" म्हणाले.

त्यांचे हात खाली आले. "हायेस ना व?"

"हाय ना दादा. येऊन राहिली."

"ये मग," बाबा म्हणाले. "मी थांबून राहिलो."